कीबोर्डच्या नावाखाली माझे 5,750 रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाला म्हणून बिलिंगच्या पीसीवर विंडोज 11 घालायचं होतं. त्याला टीपीएम म्हणजे सुरक्षेची चिप लागते, ती बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची बोर्डाची सेटिंग) जाऊन ऑन करायची, आणि बायोसला जायला पीसी चालू होताना डिलीट बटण दाबायचं. दाबून दाबून बोट दुखलं, कीबोर्ड मेल्यासारखा, लोगो आला की थेट विंडोज. शेवटी खानापूरहून बसनं सीपीयू मांडीवर घेऊन बेळगावला गेलो.

दुकानदार म्हणाला, "मामा, यूएसबी कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डचं पोर्ट चालवणारी चिप जळालीय, तो आयसी बदलायला पाहिजे, नाहीतर सगळा बोर्ड जातोय." चेकिंग 300, आयसी 4,800, नवीन कीबोर्ड 650.

आणि आता जे आठवलं की अजून डोकं तापतं ते सांगतो. त्यानंच पीसी चालू केला, विंडोज आल्यावर मला पासवर्ड टाका म्हणाला, आणि मी टाकला. त्याच कीबोर्डवरनं, त्याच पोर्टवरनं! कंट्रोलर जळालाय तर पासवर्ड टाइप कसा झाला? समोर घडत होतं आणि मला दिसलं नाही. मी अडाणी नाही, 11 वर्षं टॅली वापरतोय, पण खतांचा सीझन, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं, कोण विचार करत बसणार.

दिवाळीत भाचा आला. बायोसमध्ये फास्ट बूट म्हणून सेटिंग असतंय, ते ऑन असलं की वेळ वाचवायला यूएसबी कीबोर्ड विंडोज येईपर्यंत जागाच होत नाही. दुकानातनं आलेल्या पीसीत ते ऑफ होतं. भाच्यानं ते ऑन केलं, कीबोर्ड परत मेला. ऑफ केलं, चालू. कॅबिनेट उघडलं तर बोर्डावरची धूळ जशीच्या तशी, सोल्डरिंगचा ठिपकासुद्धा नाही. म्हणजे दोन मिनिटांचं काम! शिफ्ट दाबून रिस्टार्ट केलं की ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधनं यूईएफआय सेटिंगला, म्हणजे बायोसलाच जाता येतं, डिलीट दाबायची गरजच नाही. निळ्या पोर्टला असला तर कीबोर्ड काळ्या पोर्टला लावून बघा आधी.

पोलीस स्टेशनला गेलो तर "हे सिव्हिल मॅटर, कन्झ्युमर कोर्टात जावा." अर्ज मराठीत लिहून नेलेला, कन्नडात आणा म्हणाले, कन्नडात लिहून नेला तर साहेब बंदोबस्तावर. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, ते म्हणाले ऑनलाइन फसवणूक असेल तरच. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली पण पक्कं बिल मागतात, आणि माझ्याकडं काय, तर पेनानं आकडे लिहिलेली चिठ्ठी. पैसेसुद्धा दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर स्कॅन करून घेतले. बिल न देणं 2019 च्या ग्राहक कायद्यात चुकीचंच आहे, 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी नाही, पण दुकान बंद ठेवून तारखांना कोण जाणार सांगा? चोर मोकळा आणि हेलपाटे आम्ही घालायचे!

सीपीयू देण्याआधी आतल्या बोर्डाचे फोटो काढा. बदललेला पार्ट परत मागा, तिथंच, पैसे देण्याआधी. मी नंतर जाऊन जुना आयसी मागितला तर "कचऱ्यात गेला" म्हणाला, आणि माझा चांगला चालणारा जुना कीबोर्ड त्याच्या काउंटरवर पीसीला लावलेला होता.