शॉर्टकट दाखवणाऱ्या हिंट: बरेच महिने वापरल्यावरचं मत

आमच्या टीमच्या अ‍ॅडमिन पॅनलमध्ये कीबोर्ड शॉर्टकटची बारीक सूचना, म्हणजे हिंट, दाखवणारा एक छोटा कंपोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचा इंटरफेसचा तुकडा) बसवून आता बरेच महिने झाले. मेन्यूच्या उजव्या कडेला ‘कंट्रोल + एस’, सर्चच्या चौकटीत ‘/’, मुख्य बटणावर ‘एंटर’, टूलटिपमध्ये (माउस नेल्यावर दिसणाऱ्या छोट्या पट्टीत) आणखी काही. कंपोनंटची सगळी स्टाइल मीच लिहिली, आणि दिवसभर त्याच पॅनलवर नोंदी भरणाऱ्या लोकांसोबत बसून तो वापरलाही. नवं काही बसवलं की पहिले काही दिवस ते छानच वाटतं, म्हणून मुद्दाम थांबून लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. हिंट वाचली जाते मोजक्या वेळा, डोळ्यांसमोर मात्र असते दिवसभर. शॉर्टकट पाठ होईपर्यंत माणूस ती वाचतो, त्यानंतर ती नुसती तिथे असते. तिचं रूप ठरवताना या दुसऱ्या, लांबलचक काळाचा विचार करावा. आमचे जवळजवळ सगळे चांगले निर्णय तिथूनच आले.

सुरुवातीला आम्ही कळेचं हुबेहूब रूप दिलं होतं: गोलसर कोपरे, खालची कड थोडी जाड, आत हलकी शॅडो, फिकट राखाडी पार्श्वभूमी. मदतीच्या पानांवर हे रूप आजही तसंच आहे आणि तिथे ते शोभतं. ‘नोंद जतन करायला कंट्रोल आणि एस दाबा’ अशा वाक्यात कळेची चौकट असली की वाक्य कुठे थांबलं आणि दाबायचं काय, हे वाचणाऱ्याला न शोधता कळतं. बूटस्ट्रॅप या तयार स्टाइलच्या संचात कळेसाठी गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर असतं, तेही अशा चालू मजकुरात चांगलं उठून दिसतं.

मेन्यूत मात्र गणित उलटतं. पंधरा-वीस ओळींच्या मेन्यूत उजवीकडे चौकोनांची रांग उभी राहते आणि डावीकडच्या नावांपेक्षा नजर तिकडेच ओढली जाते. नोंदी भरणाऱ्या एका ताईंनी काही दिवसांतच सांगितलं की चौकोन आधी दिसतात, कामाचं नाव नंतर. त्यानंतर मेन्यूतून आम्ही चौकटी पूर्ण काढल्या. आता तिथे साधा मजकूर आहे: लेबलपेक्षा थोडा लहान, थोडा फिका, उजव्या कडेला चिकटलेला. टूलटिपमध्ये बारीक रेघेची चौकट ठेवली, कारण तिथे एकच हिंट असते आणि ती नाव व शॉर्टकट वेगळे दाखवते. एकाच कंपोनंटची तीन रूपं झाली. इतक्या महिन्यांत चौथ्याची गरज पडली नाही.

फिका म्हणजे किती फिका, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. हात आपोआप ओपॅसिटीकडे (अपारदर्शकतेकडे) जातो: मजकूर साठ टक्क्यांवर आणला की काम झालं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ते ठीक दिसतं. पण तीच ओळ निवडली गेली आणि मागे निळा रंग आला, किंवा हिंट हिरव्या बटणावर गेली, की अक्षर पार्श्वभूमीत बुडतं. लहान अक्षरांसाठी डब्ल्यूसीएजीची (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या नियमावलीची) अपेक्षा अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ कॉन्ट्रास्टची आहे, आणि बारा पिक्सेलची हिंट तर लहानच. ‘ही दुय्यम माहिती आहे’ हे कारण तिथे चालत नाही, सूट आहे ती निष्क्रिय बटणं-चौकटी, निव्वळ सजावट, लोगो अशांना. आम्ही कलर-मिक्स हे सीएसएसचं (स्टाइल लिहायच्या भाषेचं) रंग मिसळणारं फंक्शन वापरून हिंटचा रंग त्या-त्या जागच्या करंटकलर (तिथल्या अक्षरांचा रंग) आणि पार्श्वभूमी या दोघांतून काढतो. २०२३ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ते चालतं. मिश्रणाचं प्रमाण प्रत्येक स्थितीसाठी वेगळं आहे: साधी ओळ, माउस वर असताना, निवडलेली, डार्क थीम. चारही ठिकाणी आकडा मोजून घेतला. डोळ्यांवर भरवसा ठेवला असता तर डार्क थीमची हिंट नक्की जास्त फिकी राहिली असती, कारण चांगल्या स्क्रीनवर ती सुरेखच दिसते.

फॉन्टचा मुद्दा अनेकांना किरकोळ वाटतो, मला तो वाटत नाही. कीबोर्डवरून द्यायचा मजकूर दाखवणारा केबीडी हा टॅग १९९५ च्या एचटीएमएल २.० पासून आहे आणि ब्राउझर त्याला मुळातच मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्या रुंदीची) फॉन्ट देतात. त्यात एक जुनी खोड आहे. नुसतं ‘मोनोस्पेस’ लिहिलं की ब्राउझरचा मूळ अक्षर-आकार १६ वरून १३ पिक्सेलवर उतरतो. मग तुम्ही टक्क्यांत आकार दिला असेल तर अक्षरं अपेक्षेपेक्षा लहान येतात आणि कारण लवकर सापडत नाही. शिवाय मॅकची ⌘, ⌥, ⇧ ही चिन्हं बऱ्याच मोनोस्पेस फॉन्टांत नसतात. ती दुसऱ्याच फॉन्टमधून येतात, त्यांची जाडी वेगळी, उंची वेगळी, आणि एका ओळीत तीन तऱ्हा दिसतात. आम्ही मेन्यू व टूलटिपमध्ये इंटरफेसचाच फॉन्ट वापरायला लागलो आणि हा गोंधळ बराच निवळला. चौकटीवाल्या रूपात किमान रुंदी अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवली आणि अक्षर मध्ये आणलं, म्हणजे रोमन ‘आय’ची चौकट काडीसारखी आणि ‘डब्ल्यू’ची पसरट असं होत नाही.

मराठी इंटरफेसवाल्यांसाठी एक गोष्ट नीट सांगायला हवी. लेबल देवनागरीत आणि हिंट रोमन कॅपिटल अक्षरांत, अशी जोडी असली की फ्लेक्समध्ये (घटक ओळीत मांडायच्या सीएसएसच्या पद्धतीत) मध्यावर जुळवणी करून ती सरळ दिसत नाही. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार, म्हणून तिच्या ओळीची चौकट उंच असते. रोमन कॅपिटल त्या चौकटीच्या मध्यावर आलं तरी शिरोरेषेच्या हिशेबाने वर किंवा खाली गेल्यासारखं वाटतं. किती सरकलं हे फॉन्टवर ठरतं, म्हणून हाताने एक-दोन पिक्सेल हलवण्यात अर्थ नाही. बेसलाइनवर, म्हणजे अक्षरं जिच्यावर टेकतात त्या रेषेवर, जुळवा. दोन्ही लिप्यांची अक्षरं एकाच रेषेवर उभी राहतात आणि फॉन्ट बदलला तरी टिकतात. चालू परिच्छेदात हिंटला इनलाइन-ब्लॉक (ओळीतच बसणारी वेगळी चौकट) करून वरखाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिलं तर ती ओळ बाकीच्या ओळींपेक्षा उंच होते, तेव्हा तिथे लाइन-हाइट (ओळीची उंची) आणि पॅडिंग दोन्ही आवळून धरावं लागतं.

आता मॅक आणि विंडोज. विंडोजवर कळांची नावं अधिक चिन्हाने जोडायची रीत आहे. मॅकवर चिन्हं सलग लिहितात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो: कंट्रोल, ऑप्शन, शिफ्ट, शेवटी कमांड. हा क्रम चुकला की मॅक वापरणाऱ्याला ते लगेच खटकतं. म्हणून ‘+’ मजकुरात न लिहिता कंपोनंटने प्लॅटफॉर्म पाहून घालावा.

प्लॅटफॉर्म ओळखायचा कसा, ही वेगळीच कटकट आहे. नॅव्हिगेटर-प्लॅटफॉर्म हे ब्राउझरकडून मिळणारं मूल्य सगळीकडे चालतं, पण ते वापरू नये असं आता मानतात. त्याच्या जागी आलेला युजर-एजंट-डेटा फक्त क्रोमियमवर आधारलेल्या (क्रोम, एज अशा) ब्राउझरांत आहे. आम्ही आधी नवं विचारतो, नसेल तर जुनं. पण पान सर्व्हरवर तयार होतं तेव्हा यातलं काहीच हाताशी नसतं. मग आधी ‘कंट्रोल’ दिसतं आणि क्षणभराने त्याचं ‘⌘’ होतं, शेजारचा मजकूरही सरकतो. त्यावर उपाय एवढाच की हिंटची जागा आधीच राखायची आणि प्लॅटफॉर्म कळेपर्यंत ती अदृश्य ठेवायची. हिंट थोडी उशिरा आली तर कुणाचं काही अडत नाही, मजकूर सरकला तर मात्र क्लिक भलतीकडे पडते.

स्टाइल कितीही नेटकी असली तरी हिंट खरी नसेल तर तिचा उपयोग शून्य, आणि इथे देवनागरीत टाइप करणाऱ्यांचा थेट संबंध येतो. पॅनलमध्ये यादीत वरखाली जायला रोमन ‘जे’ आणि ‘के’, सर्चसाठी ‘/’ असे एका कळेचे शॉर्टकट आहेत. इनस्क्रिप्ट (देवनागरीची प्रमाणित मांडणी) कीबोर्ड चालू असताना त्याच कळा ‘र’, ‘क’ आणि ‘य’ देतात. प्रोग्राम जर फक्त इव्हेंटमधलं (कळ दाबल्यावर ब्राउझर देतो त्या माहितीतलं) ‘की’ हे मूल्य, म्हणजे उमटणारं अक्षर, तपासत असेल तर स्क्रीनवरची हिंट एक सांगते आणि दाबल्यावर काहीच घडत नाही. ‘कोड’ हे मूल्य कळेची जागा सांगतं, तेव्हा सगळीकडे तेच तपासावं असं वाटेल. पण फ्रेंच कीबोर्डवर ‘ए’ आणि ‘क्यू’ यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात, तिथे जागेवर विसंबलं तर भलताच शॉर्टकट चालतो. आमचा नियम असा: आधी ‘की’ पाहायची, ती रोमन लिपीत नसेल तरच ‘कोड’कडे जायचं. हिंटचा मजकूर आणि शॉर्टकट चालवणारा प्रोग्राम दोन्ही एकाच यादीतून येतात, म्हणून शॉर्टकट बदलला की हिंट आपोआप बदलते. हिंटचा मजकूर हाताने लिहायची सोय कंपोनंटमध्ये ठेवलेलीच नाही, आणि ती ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

एका अक्षराच्या शॉर्टकटबाबत २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये २.१.४ हा निकष आहे, तोही ए पातळीचा, म्हणजे अगदी मूलभूत. असे शॉर्टकट बंद करता यावेत, बदलता यावेत, किंवा त्या घटकावर फोकस असेल (कीबोर्ड त्याच्याकडे वळलेला असेल) तेव्हाच चालावेत. आवाजाने संगणक वापरणाऱ्याचा एखादा शब्द अक्षरांची माळ म्हणून पोचला तर एकामागून एक शॉर्टकट सुटत जातात, इतकं साधं कारण आहे. आम्ही सेटिंगमध्ये बंद करायचा पर्याय दिला, आणि शॉर्टकट बंद केले की त्यांच्या हिंटही जातात. बंद शॉर्टकटची हिंट फिकी करून ठेवणं मला पटत नाही.

स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी बटणाच्या आत हिंट टाकताना जपावं लागतं, कारण ती बटणाच्या नावात मिसळते आणि ‘जतन करा कंट्रोल एस’ असं सलग नाव तयार होतं. दिसणारी हिंट एरिया-हिडन करून (म्हणजे स्क्रीन रीडरपासून लपवून) बटणावर एरिया-कीशॉर्टकट्स हा गुणधर्म दिला. तो २०१७ च्या एरिया १.१ या वेब-मानकापासून आहे. तो फक्त माहिती देतो, शॉर्टकट चालवत नाही, आणि सगळे स्क्रीन रीडर ती माहिती सारखी वाचत नाहीत. म्हणून मदतीच्या पानावर शॉर्टकटची पूर्ण यादी शब्दांत आहे, आणि ‘?’ दाबल्यावर तीच यादी उघडते.

विंडोजच्या हाय कॉन्ट्रास्ट थीममध्ये बॉक्स-शॅडो काढून टाकली जाते आणि पार्श्वभूमीचा रंगही बदलला जातो. कळेचा आकार केवळ शॅडोने दाखवला असेल तर चौकट गायब होते. एक पिक्सेलची पारदर्शक बॉर्डर ठेवली तर तिथे ती रंग घेऊन दिसू लागते. एका ओळीचं काम आहे, पण तयार कंपोनंट घेताना हे आवर्जून तपासा. बाकी तयार कंपोनंट आता पुष्कळ आहेत. शॅडसीएन/यूआय या कंपोनंट-संग्रहात २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केबीडीचा स्वतंत्र कंपोनंट आला, नक्स्ट यूआय या दुसऱ्या संग्रहाचा कंपोनंट मेटा कळ (मॅकवर कमांड, इतरत्र कंट्रोल) प्लॅटफॉर्म पाहून दाखवतो. घ्यायचा तर खुशाल घ्या, पण मेन्यूसाठी बिनचौकटीचं रूप देता येतं का ते आधी बघा.

फोनवर हिंट नकोतच. होव्हर (माउस वर नेणं) नाही आणि पॉइंटर जाडा (म्हणजे बोट) आहे, एवढं मीडिया क्वेरीतून (उपकरण तपासणाऱ्या सीएसएसच्या अटीतून) कळतं, तिथे त्या लपवतो. अडचण टॅबलेटची आहे. कीबोर्ड जोडलाय का हे सांगणारी मीडिया क्वेरी नाही. आम्ही पहिली कंट्रोल किंवा कमांड दाबली गेली की त्या सत्रापुरत्या हिंट दाखवायला लागतो. हा तोडगा इतका चांगला चालला की काही जण डेस्कटॉपवरही तसंच मागतात. त्याला मी तयार नाही, कारण ज्याला शॉर्टकट असतात हेच माहीत नाही त्याला ते कळायचा मार्ग ती हिंटच आहे.

दोन गोष्टी अजून मनासारख्या झालेल्या नाहीत. पहिली, एकापाठोपाठ दाबायच्या कळा. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ‘जी’ आणि मग ‘आय’ दाबून इश्यूजकडे (नोंदवलेल्या अडचणींच्या यादीकडे) जाता येतं, तशा जोड्या आमच्याकडेही आहेत. दोन चौकटी शेजारी ठेवल्या की लोक दोन्ही कळा एकदम दाबतात. मध्ये बारीक अक्षरात ‘मग’ लिहिल्यापासून हे बरंच कमी झालं, पण अरुंद मेन्यूत तो शब्द मावत नाही आणि बाणाचं चिन्ह टाकलं तर ती बाणाची कळ वाटते. दुसरी, तीन-तीन मॉडिफायर (कंट्रोल, शिफ्ट अशा जोडीने दाबायच्या कळा) असलेले लांब शॉर्टकट. जागा कमी पडली की लेबल कापायचं, हिंट नाही, असं आम्ही ठरवलंय, कारण अर्धवट दिसणारा शॉर्टकट चुकीचाच दाबला जातो. पण लांब मराठी लेबलं कापलेली पाहवत नाहीत. पुढच्या आवृत्तीत अशा ओळींची हिंट मेन्यूतून काढून फक्त टूलटिपमध्ये ठेवून पाहणार आहे.