साडेनऊ हजारांची लघवी

पहाटे तीनला डोळा उघडतो आणि दूधवाला येईपर्यंत छताकडे बघत पडायचं, असं वर्षभर चाललंय. मी बँकेत कॅश काउंटरला बसते. दुपारी पेंग आली आणि नोटा मोजताना चुकलं तर तूट माझ्याच खिशातून जाते. त्यात भाचीने जाहिरात पाठवली: घरबसल्या 'ब्रेन केमिकल' तपासणी, मूड, झोप, एकाग्रता सगळं एका फटक्यात. साडेनऊ हजार भरले. कंपनीचं नाव लिहीत नाही.

किट देखणं होतं. थर्माकोलचा डबा, बर्फाची पिशवी, चार इवल्या बाटल्या. सकाळची दुसरी लघवी भरायची आणि बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. मी मटारच्या पिशवीमागे ठेवल्या. ह्यांनी बर्फ काढताना त्या बघितल्या, ते रामायण वेगळंच. कुरिअरवाला मात्र सांगितल्या वेळी हजर.

बारा दिवसांनी अठरा पानी रिपोर्ट. सेरोटोनिन कमी, डोपामिन कमी, नॉरएपिनेफ्रिन जास्त, सगळं लाल-पिवळ्या पट्ट्यांत. खोटं कशाला बोलू, वाचून बरं वाटलं. माझी चिडचिड म्हणजे नुसता स्वभाव नाही, हे कुणीतरी छापून दिलं होतं.

मग 'वेलनेस कोच'चा फोन. वीस मिनिटांतली पंधरा तीन महिन्यांच्या गोळ्यांचा पॅक खपवण्यात गेली. त्यात 5-एचटीपी होतं, म्हणजे शरीर ज्यापासून सेरोटोनिन बनवतं तो पदार्थ. मी डॉक्टरांच्या सल्ल्याने एस्सिटालोप्राम घेते, ही नैराश्य-चिंतेवरची, सेरोटोनिनवर काम करणारी गोळी. पण 'आधीची काही औषधं चालू आहेत का' हा प्रश्न त्या मुलीने विचारलाच नाही. नणंदेचं औषधांचं दुकान आहे, म्हणून तिला यादी पाठवली. मिनिटभरात तिचा फोन: "वहिनी, पैसे भरले नाहीत ना अजून?" ही दोन्ही एकत्र घेतली तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. थरथर, ताप, छातीत धडधड, आणि प्रकरण दवाखान्यात भरती होण्यापर्यंत जाऊ शकतं.

रविवारी तिने रिपोर्टचीही चिरफाड केली. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लघवीतलं डोपामिन बरंचसं मूत्रपिंडातच बनतं. डोपामिनलाही रक्तातून मेंदूत जाता येत नाही, म्हणून तर पार्किन्सनच्या रुग्णाला थेट डोपामिन न देता लेव्होडोपा देतात, जे मेंदूत शिरून तिथे डोपामिन बनतं. थोडक्यात, मी मेंदूचा पत्ता समजून मूत्रपिंडाच्या दारात उभी होते. सेरोटोनिनपासून बनणाऱ्या 5-एचआयएएची लघवीतली तपासणी खरीखुरी असते, पण ती कार्सिनॉइड नावाच्या गाठींच्या शोधासाठी. तिच्याआधी केळी, अननस, अक्रोड बंद करायला सांगतात. मी आदल्या रात्री वाटीभर शिकरण खाल्लं होतं. किटच्या माहितीपत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही.

पैसे परत मागितले. 'सॅम्पल प्रोसेस झाल्यावर रिफंड नाही,' एवढं एका ओळीचं उत्तर.

शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-12 तपासायला लावलं. थायरॉइड ठीक, बी-12 147, म्हणजे कमी. आम्ही पक्के शाकाहारी, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. इंजेक्शनं चालू आहेत. संध्याकाळचा चहा बंद, आणि झोप येत नसेल तर लोळत न पडता उठून बसायचं. आता साडेचारपर्यंत झोप लागते, रोज नाही.

दोन तारे. एक कुरिअरवाल्याला, एक थर्माकोलच्या डब्याला. नाशिकच्या थंडीत त्यात दही झकास लागतं.