‘सर्वत्र परके’: व्हेनिस बिएनालेचे २०२४चे प्रदर्शन

इटलीतील व्हेनिस शहरात दर दोन वर्षांनी भरणारे आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन म्हणजे व्हेनिस बिएनाले. साठाव्या बिएनालेचे मुख्य प्रदर्शन २० एप्रिल ते २४ नोव्हेंबर २०२४ या काळात भरले. ब्राझीलचे संयोजक आद्रियानो पेद्रोसा यांनी त्याला ‘सर्वत्र परके’ असे शीर्षक दिले होते. त्यात तीनशेहून अधिक कलाकार सहभागी होते आणि आपल्याच भूमीत परके ठरवल्या गेलेल्या आदिवासी कलाकारांना व मायभूमीपासून दुरावलेल्या स्थलांतरितांना मध्यवर्ती स्थान होते. हा हेतू मला मनापासून पटतो. मात्र प्रदर्शनाची उंची सगळीकडे सारखी नव्हती.

बिएनालेच्या दोन मुख्य स्थळांपैकी एक असलेल्या जियार्दिनी या बागेतील मुख्य इमारतीचा दर्शनी भाग ब्राझीलमधील हुनी कुइन आदिवासींच्या माह्कु या गटाने चित्रांनी व्यापून टाकला होता. आशिया आणि अमेरिका यांच्यामधला समुद्र ओलांडण्यासाठी माणसांना पाठ देणारी मगर, माणसांनी केलेला तिचा विश्वासघात आणि त्यामुळे कायमचे दुरावलेले दोन किनारे, ही त्यांची परंपरागत कथा भडक, निःसंकोच रंगांत तिथे उभी होती. स्थलांतर आणि ताटातूट यांविषयी आदिवासी परंपरेला स्वतःचे सांगणे आहे, हे प्रवेशद्वारापाशीच स्पष्ट होत होते.

माझ्या मते सर्वांत समर्थ कलाकृती आर्सेनाले या दुसऱ्या स्थळाच्या, म्हणजे जुन्या जहाजबांधणी गोदीच्या, पहिल्या दालनात होती. न्यूझीलंडमधील चार माओरी स्त्रियांच्या माताहो गटाने ट्रकवरील माल बांधण्याच्या पॉलिएस्टर पट्ट्यांची अजस्र वीण डोक्यावर ताणून धरली होती. तिचे नाव ‘ताकापाऊ’, म्हणजे प्रसूतीसारख्या प्रसंगी अंथरली जाणारी बारीक विणीची चटई. मालवाहतुकीच्या कामातले स्वस्त साहित्य आणि स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या जपलेले विणकाम यांचा मेळ इथे इतका सहज होता की खाली उभे राहिल्यावर भिंतींवर पडलेल्या सावल्याही त्या विणीचाच भाग वाटत. सर्वोत्तम सहभागी कलाकाराचा ‘सुवर्णसिंह’ हा बिएनालेचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला, तो सर्वार्थाने योग्य होता.

मुख्य प्रदर्शनाबाहेर, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दालनात, आदिवासी कलाकार आर्ची मूर यांनी काळ्या भिंतींवर खडूने आपल्या कुळाची पासष्ट हजार वर्षांची वंशावळ हाताने लिहिली होती. कोठडीत मरण पावलेल्या आदिवासींच्या मृत्यूंच्या चौकशीचे कागद दालनाच्या मधोमध असलेल्या पाण्याच्या तळ्यावर गठ्ठ्यांनी रचलेले होते. नावे काळ्या शाईने झाकलेली असूनही, किंबहुना त्यामुळेच, तिथून लवकर निघवत नव्हते.

स्थलांतरितांच्या बाजूने मोरोक्कन-फ्रेंच कलाकार बुश्रा खलिली यांच्या आठ चित्रफिती मोलाच्या होत्या. नकाशावर मार्कर फिरवत माणसे आपला बेकायदा ठरलेला प्रवास स्वतःच्या आवाजात सांगतात. पडद्यावर दिसतो तो फक्त त्यांचा हात.

मुख्य प्रदर्शनातील विसाव्या शतकातल्या कलाकृतींच्या ऐतिहासिक विभागाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. एका कलाकाराचे एकच चित्र, या नियमामुळे अनेक देशांची चित्रे दाटीवाटीने शेजारी आली, पण त्यांच्यात संवाद घडला नाही. गोव्यातील साळगावात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले आणि २०२४ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. स्थलांतर ज्याच्या रेषेतच भिनले आहे अशा चित्रकाराला एका चित्राची जागा अपुरी होती. नागपूरजवळच्या बेला गावच्या चित्रकार बी. प्रभा यांना त्या भिंतींवर पाहून अभिमान वाटला, तरी त्यांना न ओळखणारा प्रेक्षक तिथे किती थांबला असेल, याची शंका उरते. त्या वर्षी भारताचे राष्ट्रीय दालनही नव्हते, त्यामुळे ही उणीव भरून निघायला दुसरी जागाच नव्हती.