वॉव क्लासिक, आठ महिन्यांनंतर (आणि एकदा लाईट गेल्यावर)

चार महिन्यांपूर्वी विचारलं असतंत तर सरळ 'पैसे पाण्यात' म्हणालो असतो. वॉव, म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम, आणि क्लासिक म्हणजे त्याचं जुनं रूप. महिन्याला पंधरा डॉलर, म्हणजे बाराशेच्या वर. तेवढ्यात घरचं इंटरनेट दोन महिने चालतं.

२००४ चा गेम, पण २०२४ च्या नोव्हेंबरात उघडलेल्या अ‍ॅनिव्हर्सरी सर्व्हरवर नव्याने सुरू केला तो एकाच आशेवर: इथे डन्जन फाइंडर, म्हणजे डन्जनसाठी (पाचजणांच्या मोहिमेसाठी) साथीदार आपोआप जुळवणारं बटण, नाही. २००९ च्या डिसेंबरात ते बटण आलं आणि माझ्या मते तिथेच गप्पा संपल्या. बटण दाबा, चार अनोळखी हजर, काम उरकलं की पांगले. नव्या वॉवमध्ये तर २०२४ च्या जानेवारीपासून चारही साथीदार कॉम्प्युटरचेच घेता येतात. ग्राफिक्स, क्लास बॅलन्स वगैरेवर बाकीचे लिहितीलच, माझं दुखणं हे बटण.

तर बटण नाही, तरी इथेही सामसूम! गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) शेकडो जण आणि चॅटमध्ये दिवसभरात तीनदा 'जीझेड', म्हणजे अभिनंदन. बाकी सगळं डिस्कॉर्डवर, म्हणजे गेमबाहेरच्या बोलण्याच्या अ‍ॅपवर. रात्री अकराला माइकवर बोलायला लागलो की बायको दार लावून घेते.

मग आली स्कार्लेट मॉनॅस्टरी, एक डन्जन. आम्हा अलायन्सवाल्यांना (गेममधल्या दोन बाजूंपैकी एक) तिथवर साउथशोर गावापासून तंगडतोड करावी लागायची, तीही लेव्हल चाळीसच्या आत, म्हणजे घोडा नाही. मी प्रीस्ट, पार्टीतला एकुलता हीलर, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारा. कॅथीड्रलच्या दारात पोचलो आणि घरची लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा आहे, राउटर नाही (कितीदा ठरवलंय). बारा मिनिटांनी आलो ते पार्टीतून किक झालोच असणार असं धरून. तर चौघंही दारातच बसलेले, मांडी घालून. मेजने, म्हणजे जादूगाराने, न बोलता ट्रेड उघडून वीस पाणी दिलं, माझी जादूची शक्ती भरायला. टँकने, म्हणजे पुढे राहून मार खाणाऱ्याने, विचारलं, 'पॉवरकट?' तो मनिलाचा. त्याला सवय असावी.

मी भारावून आभार मानले, तर तो म्हणाला, तुला काढून नवा हीलर शोधा, तो चालत येणार, अर्धा तास जाणार. त्यापेक्षा थांबलेलं परवडलं.

चालेल! हिशेबाने थांबले तरी थांबले ना. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही पाचजण एकत्र असतो. मेज अजूनही बोलत नाही, पाणी मात्र न मागता देतो. मासिक पैसे भरणं चालू ठेवलंय.

राउटरला मिनी यूपीएस बघितला, चौदाशेला आहे. म्हणजे एका महिन्याच्या वॉवपेक्षा जास्त. सध्या नको.