जेम्स मिशनर: आठ महिने, साडेतीन ठोकळे आणि दुखरं मनगट

श्रावणात अमेरिकन कादंबरीकार जेम्स मिशनरची 'हवाई' हातात घेतली तेव्हा वाटलं पंधरा दिवसात उरकेल. आता आठ महिने झालेत, 'हवाई', 'सेंटेनियल', 'द सोर्स' संपल्या, 'अलास्का' अर्ध्यावर आलीये.

आधी एक सांगतो, जुनी पेपरबॅक घेऊ नका. माझ्या 'सेंटेनियल'चा डिंक सुकलेला, आडवं पडून वाचताना मधली पानं सरळ छातीवर! शेवटी दोन तुकडे करून रबरबँड लावले, एक तुकडा बॅगेत, एक घरी.

आता मुद्द्याचं. हा माणूस गोष्ट माणसापासून सुरूच करत नाही. 'हवाई'त आधी समुद्रातून बेटं वर येतात, कोलोराडोतल्या 'सेंटेनियल'मध्ये तर डायनासोर झाला की बीव्हर (नदीत बांध घालणारा केसाळ प्राणी), त्याचं घर, त्याची जोडीदारीण, मी वैतागून बायकोला म्हटलं अगं अजून माणूस आलाच नाहीये. पण नंतर फरवाले व्यापारी त्याच बीव्हरच्या कातड्यांसाठी नदीवर येतात ना, तेव्हा कळतं एवढं का सांगितलं ते. तिथून मी पानं गाळणं सोडलं.

सगळ्यात आवडली 'द सोर्स' (१९६५). इस्रायलमधलं माकोर नावाचं काल्पनिक गाव, तिथे उत्खनन चाललंय आणि पंधरा थरांतल्या एकेका वस्तूची एकेक गोष्ट. त्यात हूपो टोपणनावाचा एक इंजिनियर आहे, तो विहिरीपर्यंत भुयार खणतो, दोन्ही टोकांकडून एकदमच, आणि आत अंधारात दोन्ही तुकड्या भेटणार की चुकणार यात माझं स्टेशन गेलं. आणि एवढं करून बायबलमधला राजा डेव्हिड येतो तो गाणाऱ्या पोराच्या प्रेमात, भुयाराचं त्याला काही पडलेलंच नाही. ऑफिसात वर्षभर राबून अप्रेझलला बसलेल्यांनी हे प्रकरण वाचावंच.

तक्रार पण आहे. तीन पुस्तकांनंतर साचा दिसायला लागतो, घराणी बदलतात पण माणसं तीच वाटतात, कष्टाळू आजोबा, वाया गेलेला नातू वगैरे. जमीन लक्षात राहते, नावं नाही. 'अलास्का' १९८८ ची, तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता, आणि तीही आधी जमीन, मग मॅमथ अशीच सुरू! पहिलं पुस्तक आलं चाळिशीत, १९४७ ला, नेव्हीत असताना पॅसिफिकच्या बेटांवर जे बघितलं त्यावर, पुढच्याच वर्षी पुलित्झर. ते सुटसुटीत आहे म्हणे, मी मात्र उलट्या टोकाने घुसलो.

नवीन असाल तर 'द सोर्स'पासून धरा, आणि उशीवर ठेवून वाचा, हातात नको.