आरसीपीटीचा खोटा रिपोर्ट: 37,170 रुपये देऊन विकत घेतलेला

आरसीपीटी म्हणजे काँक्रीटमध्ये मिठातलं क्लोराइड किती सहज शिरतं ते विजेवर तपासणारी चाचणी. सहा तासांत चकतीतून किती वीज गेली ते कूलॉममध्ये मोजतात; आकडा कमी तितकं काँक्रीट घट्ट. रिपोर्टवर आकडे होते 846, 849 आणि 851 कूलॉम. खाली सही, शिक्का, होलोग्राम. कोकणात खाडीकाठी मासळीच्या शीतगृहाचं काम, एम 40 दर्जाचं, सिमेंटमध्ये पोलादभट्टीची स्लॅग (मळी) मिसळलेलं काँक्रीट आणि करारातली अट काँक्रीट 56 दिवसांचं झाल्यावर 1000 कूलॉमच्या आत. रिपोर्ट अटीत चोख बसत होता. 3 चकत्यांचे 7,500 प्रमाणे 22,500, काँक्रीटमधून कोअर (ड्रिलने काढलेला दंडगोल) काढण्याचे 9,000 आणि 18 टक्के जीएसटी, असे एकूण 37,170 रुपये आगाऊ भरले होते. चाचणी झालीच नव्हती.

पकडायची जागा पहिल्याच पानावर होती आणि तीच अजून जाळते. नमुने मिळाल्याची तारीख 11, चाचणीची तारीखही 11. हे शक्यच नाही. 100 मिमी व्यासाच्या कोअरमधून 50 मिमी जाडीची चकती कापायची, कडेला इपॉक्सी लावून सुकवायचं, मग डेसिकेटरमध्ये (हवाबंद भांड्यात) 50 मिमी पाऱ्याच्या खाली दाब आणून 3 तास कोरडं व्हॅक्यूम, उकळून हवा काढलेलं पाणी सोडून व्हॅक्यूमखालीच आणखी 1 तास, नंतर साधारण 18 तास त्याच पाण्यात भिजवायचं. एवढं झाल्यावर 60 व्होल्टचे 6 तास सुरू होतात. सकाळी पोचलेला कोअर संध्याकाळी निकाल देत नाही.

दुसरी खूण त्या तीन आकड्यांतच होती. तिघांत फरक अवघा 5 कूलॉमचा! या चाचणीचं अमेरिकी मानक एएसटीएम सी 1202, त्यातच लिहिलंय की एकाच माणसाने एकाच काँक्रीटवर केलेल्या चाचण्यांत 12.3 टक्के विचलन (आकड्यांतला नेहमीचा फरक) धरावं. खऱ्या चकत्या इतक्या जुळत नाहीत. “तुम्ही इंजिनिअर असून कळलं नाही?” असं विचारणाऱ्यांना एकच सांगणं: रिपोर्ट पास असला की साइटवर पुढचं काँक्रीट उभं असतं, तारखा कोणी जुळवत बसत नाही. लॅबवाले नेमके यावरच पोट भरतात.

मालकाच्या सल्लागाराने उरलेले तुकडे मागितले तेव्हा बिंग फुटलं. आमचे ऑइलपेंटने नंबर टाकलेले तिन्ही कोअर लॅबच्या मागच्या बाजूला अख्खे पडलेले. कापलेलेसुद्धा नव्हते.

दुसऱ्या लॅबकडे 42,480 रुपये भरून नवे कोअर तपासले: 2,870, 3,140, 2,655. म्हणजे क्लोराइड शिरण्याच्या मध्यम गटात, आणि तेही वय वाढल्यावर. स्लॅगचं काँक्रीट दिवसागणिक घट्ट होत जातं, त्यामुळे 56 दिवसांना आकडा याहून जास्तच असणार. पहिली लॅब म्हणते, कोअर वेगळे म्हणून निकाल वेगळा. दोन लॅबमधल्या फरकाने साडेतीन पटीची तफावत झाकत नाही. काँक्रीटवर पाणी रोखणारा सायलेनचा लेप द्यावा लागला, त्याचे 4,12,000 आमच्या बोकांडी, आणि रेडीमिक्सवाला तोच खोटा रिपोर्ट दाखवून हात झटकून मोकळा.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, हा दिवाणी मामला. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 दाखवलं तर म्हणे चाचणी खोटी हे तुम्हीच सिद्ध करा. अख्ख्या कोअरचे फोटो समोर ठेवले, तर विचारतात, “कूलॉम म्हणजे काय?” ग्राहक आयोगाची वाटही बंद, कारण सेवा व्यापारी कामासाठी घेतलेली. ज्या सरकारी खात्याच्या मान्य लॅबच्या यादीत ही लॅब आहे तिथल्या साहेबांचं उत्तर तर कहर: लेखी तक्रार द्या, चौकशी लॅबच्याच अहवालावरून करू. चोराला विचारून चोरीचा पंचनामा! आणि तोवर तीच लॅब दुसऱ्या कोणाच्या तरी पुलाला पास करत राहणार.

विजेच्या प्रवाहाच्या तेरा रीडिंगचा तक्ता नसेल तर रिपोर्ट परत करा. 0 ते 360 मिनिटं, दर अर्ध्या तासाला एक. पहिलं आणि शेवटचं एकदा, मधली अकरा दुप्पट, बेरीज अँपिअरमध्ये करून 900 ने गुणा. 100 मिमी चकतीला पुन्हा 0.9025 ने. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम. सच्छिद्र काँक्रीटमध्ये द्रावण तापतं तसा प्रवाह चढतो. 2,500 कूलॉमच्या चकतीत सहा तास सपाट रेषा दिसली तर शंका घ्या.

नुसता आळसही निकाल खोटा करतो, आणि नेहमी तुमच्या सोयीचा. व्हॅक्यूम टाळलं की छिद्रांत हवा राहते, प्रवाह कमी जातो, आकडा छान येतो. म्हणून कोणी ओरडत नाही. डेसिकेटरवरचा गेज स्वतः बघा. उलट्या बाजूच्या चुकाही आहेत: कोअरमध्ये सळीचा तुकडा आला किंवा मिश्रणात कॅल्शियम नायट्राइट (सळीचा गंज रोखणारं रसायन) असलं तर आकडा फुगतो, तेव्हा लॅबला उगाच दोष देऊ नका.

3 टक्के मिठाचं पाणी ऋण टोकाला, 0.3 नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण धन टोकाला. उलटं जोडलेलं दिसलं तर तिथेच थांबवा. एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाचं) चिन्ह पाहून भुलू नका, ही चाचणी त्या लॅबच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या चाचण्यांच्या यादीत, आहे का ते वेबसाइटवर तपासा. कोअरच्या दोन्ही तोंडांवर आणि अंगावर सही करा, कापताना माणूस उभा करा, आणि वापरलेल्या चकत्या ताब्यात मिळाल्याशिवाय पैसे सोडू नका. आगाऊ तर एक रुपयाही नाही.