फ्रीकॅड: गावात राहून डिझाईन शिकणाऱ्यांसाठी, दोन वर्षं वापरून लिहितेय

मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, अमरावती विद्यापीठ. गाव कारंजा लाडच्या पुढे, वाशिम जिल्हा, घरी सोयाबीन आणि तूर. आजूबाजूच्या गावातले ज्युनिअर सारखे विचारतात की ताई डिझाईनसाठी कोणतं सॉफ्टवेअर टाकू, क्लास लावू का, लॅपटॉप केवढ्याचा घेऊ, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

मी फ्रीकॅड वापरते, म्हणजे यंत्राचे भाग कॉम्प्युटरवर थ्रीडीत काढायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००२ पासून जगभरातले लोक मिळून बनवताहेत आणि १.० व्हर्जन नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. मी ०.२१ वर सुरुवात केली होती, त्यामुळे जुनं नवं दोन्ही हाताखालून गेलंय.

त्याआधी काय झालं ते सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं तेच होणार आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये महागडं सॉफ्टवेअर होतं पण साठ जणांत चालणारे पीसी वीस, एका पीसीवर तिघं, माऊस ज्याच्या हातात तो शिकतो बाकीचे मागून बघतात. म्हणून शहरात एका क्लासला नऊ हजार भरले. त्यांनी पेनड्राइव्हमधून क्रॅक (लायसन्स तोडलेली चोरीची कॉपी) टाकून दिला आणि दीड महिन्यात व्हायरसने सबमिशनच्या सगळ्या फाईली गेल्या. नऊ हजार म्हणजे आमच्या घरचं दोन क्विंटल सोयाबीन, ते मी अजून विसरले नाही. क्रॅक अजिबात टाकू नका.

ऑटोडेस्क कंपनीचं फ्यूजन हे असंच सॉफ्टवेअर पण विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, दरवर्षी रिन्यू करावं लागतं, आणि खरं सांगायचं तर ते जास्त सफाईदार आहे. पण फाईली क्लाऊडवर राहतात. आमच्याकडे जूनमध्ये वारं-वादळ आलं की लाईन जाते, मग टॉवरची बॅटरी संपली की नेटही जातं, आणि नेमकं तेव्हाच सबमिशन असतं. फ्रीकॅड एकदा कारंज्यात नेटवर उतरवून घेतलं की झालं, नंतर नेट नको, लॉगिन नको, लायसन्स संपायची भीती नको. लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर तुमचं काम चालू. माझा लॅपटॉप जुना घेतलेला आहे, चौदा हजाराचा, ८ जीबी रॅम, त्यावर पार्ट डिझाईन (एकेक भाग बनवायचा विभाग) आरामात चालतं. फक्त चाकवाला माऊस घ्या, टचपॅडवर हात दुखतो.

आता शिकण्याबद्दल. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट स्केचर आहे, म्हणजे सपाट आकार काढून त्याला मापं द्यायचा विभाग. फर्स्ट इयरला ड्राफ्टर लावून ए-टू शीटवर रेघा मारल्या होत्या, मार्कही बरे पडले, पण डायमेन्शन का द्यायचं हे मला इथे कळलं. तुम्ही चौकोन काढता, तो पांढऱ्या रेघांचा असतो, कोपरा धरून ओढला की हलतो. मग एक लांबी दिली, हलणं थोडं कमी झालं, उंची दिली, अजून कमी, पॅनलमध्ये दिसत राहतं की अजून किती डिग्री ऑफ फ्रीडम (हलायच्या वाटा) शिल्लक आहेत, आणि शेवटी मध्यबिंदू ओरिजिनला (शून्य बिंदूला) बांधला की सगळं स्केच एकदम हिरवं होतं. हिरवं झालं म्हणजे आता हलायला जागाच नाही, आकार पूर्ण ठरला. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी आईला उठवून दाखवलं. मशीन डिझाईनच्या तासाला वर्षभर जे डोक्यावरून गेलं होतं ते त्या एका हिरव्या चौकोनात बसलं.

प्रोजेक्टला मी घरचा डवरा घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उभ्या पिकाच्या दोन ओळींमधलं तण कापायचं बैलाचं अवजार, खाली आडवी लोखंडी पास म्हणजे पातं असतं, मागे रुमणं म्हणजे धरायचा दांडा. बाबा म्हणाले, "सोयाबीन अठरा इंचावर हाये, मंग पास बारा इंचाचीच पाह्यजे, दोन्हीकून तीन-तीन इंच सुटलं त झाड कटत नाही." हे गणित कोणत्या पुस्तकात नव्हतं. मी व्हर्नियर (बारीक मोजायचं साधन) घेऊन बसले तर पास बारा इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर हवी ती २९७ भरली, आणि धार मधल्या भागात जास्त झिजलेली, टोकाला कमी. तीन हंगाम वापरलेली होती. हात फिरवला की मधला खोलगटपणा बोटाला लागतो.

इथे फ्रीकॅडची स्प्रेडशीट कामी आली. ओळीतलं अंतर एका सेलमध्ये टाकलं, दोन्हीकडची सोड दुसऱ्या सेलमध्ये, सेलला नाव दिलं आणि स्केचमध्ये आकड्याऐवजी ते नाव. आता ओळीतलं अंतर ४५७ मिलिमीटर (अठरा इंच) चं ९०० केलं की पऱ्हाटीसाठीचं (कपाशीसाठीचं) मॉडेल आपोआप तयार. शेजारचे काका त्यांच्या वावराचं माप सांगून गेले, त्यांच्यासमोर बदलून दाखवलं.

मग फेम (FEM), म्हणजे बळ लावल्यावर वस्तू टिकेल का ते तपासायचा विभाग. मटेरिअल द्यायचं, कुठे पक्कं आहे ते सांगायचं, बळ द्यायचं, मेश करायचा (वस्तूचे बारीक तुकडे पाडायचे), आत कॅल्क्युलिक्स नावाचा सॉल्व्हर म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्राम आहे तो चालवायचा. बळ किती धरायचं यावर मी आठवडा घालवला. बैल सतत जे ओढू शकतो ते साधारण त्याच्या वजनाच्या दहा टक्के धरतात, म्हणजे ४०० किलोचे दोन बैल असले तर ८० किलोची खेच, अंदाजे ७८५ न्यूटन, आणि आमच्याकडे एका जोडीला दोन डवरे लावतात म्हणून एका पासेला त्याच्या अर्धं. मी आधी मटेरिअल माइल्ड स्टील टाकलं होतं, यील्ड (ज्या ताणानंतर लोखंड कायमचं वाकतं तो) २५० मेगापास्कलवालं. लोहारकाकांना दाखवायला गेले तर ते म्हणाले, "बाई, हे ट्रकच्या कमानपाट्याचं हाये, साधं लोखंड नोये." पाट्याचं स्टील कितीतरी कडक असतं, सगळं परत करावं लागलं. म्हणून सांगते, सॉफ्टवेअर तुम्ही टाकाल त्याचंच उत्तर देतं, वस्तू कशाची आहे हे बनवणाऱ्याला विचारूनच टाका. आणि मेश फार बारीक करू नका, ८ जीबीवर लॅपटॉप अडकतो, माझा दोनदा अडकला.

आता वाईट पण सांगते. ०.२१ वर मला सगळ्यात जास्त रडवलं ते याने की सुरुवातीचं स्केच जरा बदललं की पुढची भोकं, फिलेट (गोल केलेल्या कडा) सगळं तुटायचं, कारण आत प्रत्येक पृष्ठभागाला नंबर असतो आणि बदल केला की नंबर सरकायचे. १.० मध्ये हे बरंच सुधारलंय, तरी मी अजूनही स्केच पार्टच्या पृष्ठभागावर चिकटवत नाही, बेस प्लेनवर (सॉफ्टवेअरच्या मूळ सपाटीवर) काढते, ती सवय लावून घ्या. असेम्ब्ली (अनेक भाग जोडायची सोय) १.० मध्ये आतच आली, त्याआधी वेगळी टाकावी लागायची, पण मोठी असेम्ब्ली असली तर जड जाते. वर्कबेंच (प्रत्येक कामाचा वेगळा विभाग) बदलत राहावं लागतं, पहिला महिना तर बटण कुठे गेलं हेच शोधण्यात जातो, चिडून सोडू नका. आणि कॅम्पसला कंपनीवाले सॉलिडवर्क्स, क्रिओ, कॅटिया विचारतात, फ्रीकॅड कोणी विचारत नाही हे खरं आहे. पण माझ्या मैत्रिणीचं आणि माझं दोघींचं अनुभवाने मत झालंय की कन्स्ट्रेंट (मापाची बंधनं), पॅड (आकार जाड करणं), पॉकेट (खाच पाडणं), रिव्हॉल्व्ह (फिरवून बनवणं) एकदा हातात बसले की दुसरीकडे फक्त बटणांची जागा बदलते, मी कॉलेजच्या लॅबमध्ये शेवटच्या वर्षी चार दिवसांत रुळले. फाईल स्टेप (STEP) या फॉरमॅटमध्ये काढून दिली की तिकडे उघडते पण.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा असेम्ब्लीसाठी कापला.

आणि ड्रॉइंग काढायचं असेल तर टेकड्रॉमध्ये (कागदी ड्रॉइंगचा विभाग) आधी प्रोजेक्शन, म्हणजे वरून-बाजूने दिसणारी चित्रं कागदावर मांडायची पद्धत, फर्स्ट अँगल आहे का ते सेटिंगमध्ये बघा, आपल्याकडे तेच चालतं. मी पासेचं ड्रॉइंग ए-थ्रीवर एकास एक काढलं, कागद ४२० मिलिमीटर लांब म्हणून ३०५ ची पास त्यात बसते, लोहारकाका कागदावरच लोखंड ठेवून खूण करणार होते. झेरॉक्सवाल्याने सवयीने फिट टू पेज मारलं आणि पास २९० ची निघाली. दुकानातच स्केलपट्टी लावली म्हणून कळलं, नाहीतर काकांनी तसंच कापलं असतं. प्रिंट घेताना ॲक्चुअल साइज सांगा आणि तिथेच मोजून पैसे द्या.